वरचं दूध

सोमवार, ता. ७

प्रिय टिचकी,

तुम्ही तिघंही खुशाल असाल. इकडे आम्हीही ठीक आहोत. गुरुवारपासून तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. भोपळ्या नुकता झोपला असेल, असं मी धरून चालले. आई परवा तुझ्याकडे यायचीच आहे, म्हणून हे पत्र तिच्या पिशवीत घालतेय. आईच्या हातून चिठ्ठ्या पाठवायच्या म्हणजे आपलं लहानपणासारखं भांडण झालंय असं नाही हं. सहज लिहिते आहे.

तुझ्या बाथरूमचं छत झालं का? प्लंबर आणखी चार दिवस म्हणत होता ना? ओल्या भिंतींत दोन महिन्यांचं बाळ घेऊन जायची एवढी काय घाई होती, असं तुझे भावजी विचारत होते. मी म्हटलं, तिला स्वतःच्या घराची ओढ लागली. त्यांना ते पटलं. बेकरीत पहाटे चारपासून राबणाऱ्या माणसाला दुपारी काहीही पटतं.

आता आमच्या चिंगीची बातमी. तू होतीस तेव्हा दिवसातून आठ वेळा तिला वरचं दूध लागत होतं. आज तीन वेळा! चार दिवसांत आठावरून तीनावर. भावजींनी बेकरीतला कणीक मोजायचा जुना काटा घरी आणलाय. ताटलीत दुपटं अंथरून तिला पाजायच्या आधी ठेवते, पाजल्यावर ठेवते. पाच ग्रॅमचा फरकही कळतो. काल सकाळी चाळीस ग्रॅम वाढली. चाळीस, टिचकी! अर्थात मध्ये तिने लंगोट ओला केला होता का, ते नीट आठवत नाही.

तुला यात काय विशेष वाटणार म्हणा. तुझ्याकडे नळ सोडल्यासारखा पान्हा. भोपळ्या शेजारच्या खोलीत नुसता खाकरला तरी तुझा ब्लाउज भिजायचा. मी तिथेच, त्याच सोफ्यावर, पंप लावून अर्धा तास बसायचे आणि बाटलीचा तळ जेमतेम झाकला जायचा. आई म्हणायची, "अगं, प्रत्येकीचं वेगळं असतं." आईचं हे वाक्य मी चौतीस वर्षं ऐकत आलेय. तुला पहिला दात पाचव्या महिन्यात आला आणि मला अकराव्यात, तेव्हापासून.

असो. तुझी निळी शाल राहिली आहे. फ्रीजरमधलं तू ठेवलेलंही पाहिलं. चिकटपट्टीवर तारखा घातल्यास, चांगलं केलंस. सलोनमध्ये रंगांच्या बाटल्यांवर घालतेस तशाच.

तब्येतीला जप. भोपळ्याला पापा.

तुझी,
ताई

ता. क. त्या दिवशी मी काहीबाही बोलले असेन तर मनावर घेऊ नकोस. बाळंतिणीचं डोकं ठिकाणावर नसतं, असं पुस्तकातसुद्धा लिहिलंय.


शुक्रवार, ता. १८

प्रिय टिचकी,

आईजवळ दिलेली तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी. "आम्ही बरे आहोत, छत झालं, शाल राहू दे. फ्रीजरमधल्या बाटल्या चिंगीला दिल्यास का?"

हो, कामी आल्या.

तुझ्या अक्षरावरून तू रागावली आहेस की दमली आहेस, ते कळत नाही. चष्म्याच्या दुकानात मी लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावते, शेवटची ओळ चुकली की नंबर सांगते. तुझी एकही ओळ मला वाचता आली नाही.

आज वेगळंच सांगायचंय. आईने अर्धंमुर्धं सांगितलं असेल, म्हणून नीट लिहिते.

परवा चिंगीला दवाखान्यात वजनाला नेलं. मी तिला तो पिवळा फ्रॉक घातला होता आणि अगदी ऐटीत गेले होते, कारण रविवारपासून मी वरचं दूध पूर्ण बंद केलं होतं. शून्य. तुझ्या भावजींना सांगितलं, आता गरज नाही, माझंच पुरतं. त्यांनी आनंदाने बेकरीतल्या सगळ्यांना सांगितलं. दुधाच्या पावडरचा डबा मी वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या कपांच्या मागे ढकलला.

तिथल्या सिस्टर तुला ठाऊक आहेत, त्या जाड भिंगांच्या. त्यांनी चिंगीला काट्यावर ठेवलं. आकडा पाहिला, उचललं, पुन्हा ठेवलं. मग कागद चाळून मागचा आकडा पाहिला. चौदा दिवसांपूर्वी तीन किलो पन्नास. परवा तीन किलो चाळीस.

"दिवसाला किती लंगोट ओले होतात?"

मी म्हटलं, "मोजले नाहीत."

"ग्रॅम मोजता आणि लंगोट नाही?" कारण मी बेकरीच्या काट्याबद्दल आधीच मोठ्या कौतुकाने सांगून बसले होते. "बाई, बाळ झोपाळू आहे असं तुम्हाला वाटतंय ना? ते झोपाळू नाही, ते भुकेनं गळून गेलंय. वरचं दूध कुणी बंद करायला सांगितलं?"

कुणीच नाही, टिचकी. कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी तिथेच बाटली मागवली आणि मला पाजायला लावली. चिंगी ज्या तऱ्हेने त्या बाटलीवर तुटून पडली, ते मी पाहिलं. समोर आणखी दोन बाळंतिणी बसल्या होत्या, त्यांनीही पाहिलं. मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, आणि ती लाज बाळाची कमी आणि त्या दोघींची जास्त होती. बघ मी कशी आहे.

घरी आल्यावर तुझ्या भावजींनी वरच्या फळीवर हात घातला. डबा काढला, कपांची धूळ पुसली, पाणी उकळायला ठेवलं. मग पाठमोरेच म्हणाले, "त्या काट्यावर मी कणीक चुकीची मोजली, तर पाव बिघडतो. उद्या दुसरा पाव करता येतो." एवढंच बोलले. आणखी चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. खरं तर तो काटा मला आठवडाभर खरंच सांगत होता. दहा ग्रॅम, पाच ग्रॅम, कधी काहीच नाही. आधीच्या आठवड्यातल्या बुधवारपासून मी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला होता.

आता सगळं नव्याने चाललंय. सिस्टरनी माझं पाजणं शेजारी बसून पाहिलं. म्हणाल्या, तिचं तोंड पुरतं उघडायच्या आधीच तुम्ही घाईने लावता, ती नुसतं टोक चघळते, मग दूध येणार कुठून आणि वाढणार कुठून? हनुवटी आधी टेकली पाहिजे, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं. दिवसभरात दहा-बारा वेळा, दोन्ही बाजूंनी, आणि त्यानंतर दहा मिनिटं पंप. मग वरचं दूध. पोटभर, मोजूनमापून कमी नाही. वजन चढायला लागलं की दर दोन-तीन दिवसांनी थोडंसं कमी करायचं, आणि ओले लंगोट सहाच्या खाली गेले की लगेच त्यांना फोन. "मागणी वाढली की माल वाढतो," म्हणाल्या, "पण दुकान बंद ठेवून गिऱ्हाईक उपाशी मारायचं नसतं."

तेव्हा आमचं हे असं. तुझ्याकडचं लिही. चारपेक्षा जास्त ओळी लिहिल्यास तर वाचायला मला वेळच वेळ आहे. दिवसातले आठ तास एका खुर्चीत बसलेली असते.

तुझी,
ताई


बुधवार, ता. २०

टिचकी,

महिना झाला. दोन पत्रं लिहून फाडली. आज आई समोर बसली आहे आणि म्हणते आहे, "लिहून झाल्याशिवाय मी उठायची नाही." तेव्हा हे जाणारच.

आधी खोटं दुरुस्त करते. तुझ्या बाटल्या कामी आल्या, असं मी लिहिलं होतं. तू पाच ठेवल्या होत्यास. चार मी ओतून दिल्या. तू गेलीस त्याच दिवशी दुपारी, आई खाली गेली होती तेव्हा, गरम पाण्यात धरून वितळवल्या आणि मोरीत ओतल्या. पाणी सोडून ठेवलं, वास राहू नये म्हणून. पाचवी फ्रीजरच्या मागच्या भिंतीला बर्फाने चिकटली होती, ती ओढून निघेना. सुरीचं टोक लावलं तरी निघेना. तेवढ्यात आई जिना चढताना ऐकू आली, म्हणून ती वाचली.

दवाखान्यातून आलो त्या दिवशी मी तीच काढली. फ्रीजर बंद करून तासभर वाट पाहिली. भावजींनी उकळायला ठेवलेलं पाणी कोमट झाल्यावर त्यात ती बाटली वितळवली. चिंगी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि बाटली सोडेना. तेव्हा मी रडले. उरलेल्या चार बाटल्या तिच्या पोटात जायला हव्या होत्या, आणि मी ती उपाशी असताना मोरीला पाजल्या होत्या.

आता तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशीचं, त्या बुधवारचं. मी "काहीबाही बोलले असेन" असं लिहिलं होतं. मला प्रत्येक शब्द आठवतो, आणि तुलाही.

मी अंघोळ करून बाहेर आले तर घर शांत होतं. चिंगीच्या रडण्याची इतकी सवय झाली होती की शांतता ऐकून मी ओल्या केसांनीच आत धावले. आतल्या खोलीत तू खिडकीशी बसली होतीस. भोपळ्या सतरंजीवर पाय झाडत होता आणि चिंगी तुझ्या छातीशी होती. ती गिळत होती. तो आवाज, टिचकी, गटक, गटक, थांबून पुन्हा गटक. माझ्याकडे अठरा दिवसांत तो आवाज एकदाही आला नव्हता. मला तर वाटायचं, बाळं आवाज न करताच पितात.

तू हसून म्हणालीस, "अगं, रडून रडून लालबुंद झाली होती. तू आत होतीस. थोडं पाजलं. बघ कशी मुठी सोडून पडलीय."

खरंच तिच्या मुठी सुटल्या होत्या. माझ्याकडे त्या कायम आवळलेल्या असायच्या.

मी तिला ओढलं. सोडवलं नाही, ओढलं. तू कळवळलीस. आणि मी म्हणाले, "तुला सगळं मिळालंय. हिला तरी माझ्यासाठी ठेव." तू म्हणालीस, "ताई, अगं, तिला भूक..." आणि मी म्हणाले, "भुकेचं निमित्त करू नकोस. तुला बघायचंय की माझं मूलसुद्धा तुझ्याचकडे येतं. ऊठ, आणि जा माझ्या घरातून."

आई दारात होती. तिने आजवर एकदाही तो विषय काढला नाही. तूही नाही काढलास. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पिशव्या भरल्यास, आणि निघायच्या आधी, मी तुला जा म्हटल्यावरही, माझ्या मुलीसाठी बाटली भरत बसली होतीस. मला आतून पंपाचा आवाज येत होता. मला वाटलं, मुद्दाम ऐकवते आहे.

का जळले ते तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. बाबांनी आपल्याला तळ्यात सोडलं, तू तरंगलीस, मी सहा महिने कमरेला डबा बांधून हातपाय मारत होते. मला पाहायला आलेले कुणीही तुझ्याशी हसून बोलायचे आणि मग आठवण झाल्यासारखे माझ्याकडे वळायचे. ते सगळं मी सोडून दिलं होतं, खरंच. पण आठ वर्षं, टिचकी. इंजेक्शनं, तारखा, तपासण्या, दर महिन्याला तेच. आणि जेव्हा झालं, तेव्हा मी पहिला फोन तुला केला. तू किंचाळलीस, आणि पुढच्या श्वासात म्हणालीस, "ताई, मी पण! मला तिसरा लागला, तुला कसं सांगावं कळत नव्हतं!"

तू चांगल्या मनानेच लपवलं होतंस. मला माहीत आहे. पण मी फोन ठेवला आणि भावजींना म्हणाले, "मी लोकांचे नंबर काढते, आणि माझा नंबर नेहमी दुसरा." ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आता शेवटचं. हे लिहायलाच नको होतं असं आईला वाटेल, म्हणून तिला वाचून दाखवणार नाही.

काल आईने सांगितलं. तू तिला सांगू नकोस म्हणाली होतीस, पण तिच्याने राहवेना. इथे असताना भोपळ्याला पाजून झाल्यावर तू रोज दोनदा जास्तीचं दूध काढत होतीस, चिंगीसाठी, मला नकळत आईजवळ देत होतीस, आणि आई ते वरच्या दुधाच्या बाटलीत घालत होती. म्हणजे तुझ्याकडे नळ होता असं मी समजत होते, तो तू दिवसरात्र हापसत होतीस. मग तू घरी गेलीस आणि ते एकदम थांबलं. गाठी धरल्या. ताप चढला. डावीकडे पू झाला, डॉक्टरांनी दोनदा सुई घालून काढला, आणि तरी त्याच बाजूने पाजत राहा, थांबवू नका, असं सांगितलं. आई म्हणाली, भोपळ्याला छातीशी लावताना तू टॉवेल दातांत धरतेस. महिना होऊन गेला तरी. चार ओळींची चिठ्ठी तू तापात लिहिली होतीस.

हे ऐकून पहिल्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं.

डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ, पण वाटलं. हिलाही दुखतं तर. हिलाही काहीतरी जड जातं. मग आईचा चेहरा दिसला आणि माझा मलाच किळस आला. पण वाटलं ते वाटलं. टॉवेल दातांत धरलेली माझी बहीण, आणि मला बरं वाटलं. हे तुझ्यापासून लपवून मी तुझी माफी मागितली असती तर ती पाचवी बाटलीसुद्धा मोरीतच गेली असती.

चिंगी आता चार किलो तीनशे आहे. दिवसभर माझ्याच अंगावर पिते. वरचं दूध संध्याकाळी एकदाच, तेही तुझे भावजी पाजतात, आणि दोघंही ती वेळ कुणाला देणार नाहीत. सिस्टर म्हणतात, एवढं राहिलं तर राहू दे, बिघडत काही नाही. मी हो म्हणते. पण कुणाच्या घरी डबा नाही असं कळलं, की अजूनही पोटात कळ उठते. तुझ्याबद्दलही उठेल. तो मत्सर गेला असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. त्याच्याकडे कुणाला उपाशी ठेवायची ताकद राहू देणार नाही, एवढं मात्र मी करू शकते.

शनिवारी सकाळी मी येते आहे. चिंगीला घेऊन, दोन दिवसांसाठी. तू काही बोलायचं नाहीस, माफ केलं म्हणायचं नाहीस, चहासुद्धा टाकायचा नाहीस. कपडे, भांडी, स्वयंपाक, भोपळ्याची ढेकर, गरम पाण्याची पट्टी, सगळं मी बघेन. तू पाजायचं आणि झोपायचं. माझ्याकडे बघवत नसेल तुला, तर भिंतीकडे तोंड करून झोप. आणि दार उघडावंसं वाटलंच नाही, तर मी जिन्यात बसेन, चिंगीला तिथेच पाजेन, आणि दुपारी परत जाईन. पुढच्या शनिवारी पुन्हा येईन.

आई म्हणते, आता पुरे, पाकीट बंद कर.

तुझ्यावर आयुष्यभर जळलेली, आणि जळून झाल्यावर दरवेळी तुझ्याच दाराशी येणारी,

तुझी ताई